पासंग

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचे काटे तपासले.
मार्केट यार्डात भुसार विभागात शिरलो
की गाळ्यागाळ्यांतून तागड्या सरळ व्हायच्या,
कुणी खोकायचं, कुणी चहा मागवायचं.
वजन उलटं केलं की बुडाला शिसं,
शिशावर शिक्का, शिक्क्यात वर्ष.
कोरून काढलेलं शिसं मला बोटाला कळायचं,
लाइट गेलेले असले तरी.
पारड्याखाली लोहचुंबक, चिंचेचा गोळा,
एकदा तर दांडीला बांधलेली राखी.
"बहिणीची आहे साहेब, सोडवत नाही."
तेरा ग्रॅम भरली.
मी खटला भरला.

आता बिबवेवाडीत, तिसऱ्या मजल्यावर,
दुपारी दोन ते पाच
हेमलता मोबाइलवर बाग लावते.
एका रंगाची तीन फुलं जुळली की फुटतात,
आणि कुणीतरी लाडिक आवाजात
इंग्रजीतून तिला शाबासकी देतं.
मला वाटलं, बरंय. गुडघ्यांना त्रास नाही.

मग पासबुक भरून आणलं.
एकोणनव्वद. एकोणनव्वद. एकशे एकोणसाठ. एकोणनव्वद.
अशी दीड पानं.

चष्मा पुसला, म्हटलं, दाखव बघू.
पेटी उघडायला लागतात पस्तीस मोती.
मोती मिळतात तिसाचे, नाहीतर ऐंशीचे.
तीस घ्या, पाच कमी.
ऐंशी घ्या, दोन पेट्या होऊन दहा उरतात,
आणि उरलेले दहा कुणाला टाकवतात?
"अगं, हा तर पासंग!"
मी जवळजवळ ओरडलोच,
सांगायला लाज वाटते, पण आनंदानं,
खूप वर्षांनी ओळखीचा चोर भेटावा तसा.

मग एकेक सापडत गेलं.
'ऐंशी टक्के सूट, फक्त नऊ मिनिटं.'
मी घड्याळ लावून बसलो.
नऊ मिनिटं संपली,
पुन्हा नऊ मिनिटं आली.
बंद करायची फुली मोहरीएवढी,
हेमलताचं बोट दर वेळी शेजारच्या 'घ्या'वर.
शंभर पेट्यांत मोर किती, कुठेच लिहिलेलं नाही.
अहो, शेंगदाण्याच्या पुडीवरसुद्धा लिहावं लागतं,
निव्वळ वजन, बांधल्याची तारीख, तक्रारीचा पत्ता.

सवयीनं मी फोन उलटा केला.
मागे कव्हर, कव्हरवर सुनेनं चिकटवलेलं सूर्यफूल.
शिशाला जागा नाही, शिक्क्याला नाही.
मापात पाप शोधायला शिकलो होतो.
इथे मापच नाही.

हेल्पलाइनवरची मुलगी फार नम्र.
"काका, वस्तू काय घेतली होती?"
पेट्या.
"मिळाल्या नाहीत का?"
मिळाल्या. कुंड्या निघाल्या, कुंपण निघालं,
तेच कारंजं तीनदा.
मोर नाही.
"मोर देऊ, असं लिहिलं होतं का?"
चित्र होतं. पिसारा पार पेटीच्या बाहेर.
ती थोडा वेळ टाइप करत राहिली.
"बरं. आणि एकक काय टाकू?"

एकक.
किलो, लिटर, मीटर, नग.
तोंडपाठ आहेत मला, झोपेतसुद्धा.

स्वयंपाकघरातून हेमलता म्हणाली,
पोळी उलटता उलटता, सहज,
"दुपार लिहायला सांगा.
आणि तुम्ही यार्डात असायचात त्या दुपारी
यात धरायच्या की नाही, तेही विचारून घ्या."

तव्यावर पोळी फुगली असावी, वास आला.
मी फोन धरून उभा,
एका बाजूला कललेला.

"काका? लाइनवर आहात ना?"